नकाशावाले म्हणजे नक्की कोण?

मंडळी, आज मी नकाशा बदलला. खरंच. अजून हात शिवशिवतायत.

बोर्लीजवळ आमची सुपारीची वाडी आहे. मोबाईलवर एक मोफत नकाशा आहे, लोक आपापल्या वेळात मिळून तो बनवतात. त्यात आमच्या वाडीतून थेट समुद्रावर जाणारा गाडीरस्ता दाखवलेला. सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी गाडी चिखलात रुतणार आणि बाबा नकाशावाल्यांच्या नावाने ओरडणार, हे ठरलेलं.

आज रुतलेल्या गाडीतली मुलगी म्हणाली, "काकी, हा नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतं." तिने उघडून दाखवला. त्यात आमच्या वाडीच्या जागी आधी अडकलेल्यांनी लिहून ठेवलं होतं, "रस्ता चुकीचा आहे, कोणीतरी काढा." काढला कोणीच नव्हता.

मी लगेच रस्ता पुसायला बसले. पण आधी विचारावं म्हणून हा नकाशा बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तळा गावच्या एका दादांचं उत्तर आलं, "ताई, तिथून चालत कोणी जातं का?"

जातात की. अख्खी आळी जाते समुद्रावर.

"मग पुसू नका, पायवाट करा. गाड्या थांबतील, माणसं अडायची नाहीत."

इतकं साधं. मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांना बदललेला नकाशा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आळीची विहीर कुठाय यात? नाही? मग टाक की."

सकाळपर्यंत बाबा ज्यांच्यावर ओरडत होते, ते नकाशावाले आता आम्हीच. तुमच्या गावचे कोण आहेत?