पळणीला दिलेले केस

आई सध्या माझ्याकडे न्यूझीलंडला, अप्पर हटला आली आहे आणि एवढ्या थंडीतही टोपी घालायला तयार नाही. डोक्यावर जेमतेम बोटभर पांढरे केस उगवलेत. "कान तरी झाक गं," म्हणून मी रोज कटकट करते, ती रोज ऐकून न ऐकल्यासारखं करते. या केसांवरून आमचं दोघींचं जेवढं वाजलं, तेवढं माझ्या लग्नावरूनही वाजलं नव्हतं.

झालं असं, की माझी केमो संपून दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणाले आता वर्षातून एकदाच या, आणि मी रजा टाकून पुण्याला गेले. बाबा गेल्यापासून आई कुठे फिरली नव्हती. म्हटलं, हिला दक्षिण दाखवू. मदुराई, तंजावर असा प्लॅन मीच केला. "मध्ये पळणी घाल," एवढंच ती म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, असेल एखादं देऊळ.

मदुराईत बाई भलत्याच खुशीत! सकाळी उठून दारोदारच्या रांगोळ्या बघत उभी राहायची. "आपण ठिपके जोडतो, ह्या बघ कशा ठिपक्यांना वळसा घालून जातात." भांडं ओठाला न लावता वरून पाणी प्यायला गेली आणि तीनदा साडी भिजवली. गजरेवाली हातावर मोजून मोगरा द्यायची, बोटांपासून कोपरापर्यंत. माझे केस तेव्हा मानेपर्यंतच. "नको, बसत नाही," म्हटलं तरी आईने चार पिना खोचून बसवलाच. तिचा स्वतःचा शेपटा कमरेखाली, पिकलेला, पण दाट. त्याचा तिला केवढा तोरा!

पळणीला डोंगराच्या पायथ्याशी जिकडे तिकडे तुळतुळीत डोकी. पुरुष, पोरं, आणि चक्क कुंकू लावलेल्या, गळ्यात मंगळसूत्र असलेल्या तरण्या बायका. डोक्यांना चंदनाचा पिवळा लेप फासून सगळे हसत फोटो काढत होते. मी बघतच राहिले. तेवढ्यात आईने पर्स माझ्या हातात दिली.

"धर ही. मी केस देऊन येते."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात ओरडले, "वेड लागलंय का तुला? मागच्या दारी न्हावी आला की तुझी आजी कशी थरथरायची, तूच सांगायचीस ना? आणि तू, नवरा गेलेली बाई, आपणहून बसतेस? पुण्यात लोक काय म्हणतील?"

शेवटची दोन वाक्यं माझ्या तोंडून गेली याची मला आजही लाज वाटते. बारा वर्षं परदेशात राहून हेच शिकले मी.

आई शांत. "आजीला कुणी विचारलं नव्हतं. मला कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या केमोच्या वेळी बोलले होते मी."

केमोच्या वेळी न्यूझीलंडच्या सीमा बंद होत्या, तिला येता आलं नाही. एकदा व्हिडिओवर मी माझं टक्कल दाखवलं, वर विनोदही केला. ती म्हणाली, "छान दिसतेस. जेवलीस का?" आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शेजारच्या तमिळ काकूंकडून पळणीचं ऐकून नवस बोलली, तो त्याच दिवशी.

"मग तीन बटा कापून दे. तसंही चालतं म्हणे," मी म्हटलं.

"देवाशी घासाघीस करतेस होय?" म्हणाली आणि आत गेली.

मी पर्स छातीशी धरून बाहेर रडत उभी. पणजीचं निमित्त होतं हो! मला पुन्हा टक्कल बघायचं नव्हतं. आरशात दिसायचं ते डोकं आता आईच्या धडावर दिसणार, या भीतीने मी कासावीस झाले होते.

ती बाहेर आली. लेप लावलेलं डोकं, एवढुशी दिसत होती. माझ्यापुढे वाकून म्हणाली, "हात लाव ना. तुझ्या डोक्यावरनं हात फिरवायला मला कुठे मिळालं तेव्हा?"

मी हात लावला नाही. "चल, रांग वाढतेय," म्हटलं.

परवा आम्ही कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. इकडे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. काउंटरवरच्या बाईंनी आईच्या डोक्याकडे बघितलं, पुढे आल्या, तिचा दंड हलकेच धरला आणि तब्येत कशी आहे विचारलं. इथे बाईचं डोकं असं दिसलं की सगळ्यांना एकच आजार आठवतो. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तर आईच म्हणाली, "आय ॲम फर्स्ट क्लास!" मग माझ्याकडे बोट केलं. "शी वॉज सिक. नाऊ शी इज फर्स्ट क्लास. सो, हेअर गिव्हन."

बाईंना काय कळलं देव जाणे. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाहेर बोचरा वारा सुटला होता. दूध एका हातात घेतलं आणि दुसरा हात आईच्या डोक्यावर ठेवला. पहिल्यांदाच. केस खरखरीत लागले.

"गार पडलंय गं डोकं," मी म्हटलं.

"मग ठेव ना हात," आई म्हणाली. "टोपी कशाला हवी?"