तापाची चिठ्ठी

"हे अक्षर तुमचंच ना, डॉक्टर?"

सिव्हिल सर्जन साहेबांनी टेबलावर सहा चिठ्ठ्या ओळीने मांडल्या होत्या. अक्षर माझंच होतं. सहाही चिठ्ठ्यांवर मृत्यूचं कारण एकच: ताप. खाली माझी सही, तीही चांगली ठसठशीत. चिठ्ठ्यांच्या बाजूला माझा अर्ज पडला होता, चार पानी, टाइप केलेला. त्या अर्जात मी लिहिलं होतं की हीच सहा माणसं विंचू चावून मेली.

"माझंच," मी म्हटलं.

"आणि सही?"

"तीही."

"मग मला सांगा, यातला खरा कागद कोणता?"

ही गोष्ट सन तिसाच्या पुढेमागे घडलेली. मी तेव्हा सब-असिस्टंट सर्जन होतो. नाव भारदस्त, पण सरकारी डॉक्टरांमध्ये याच्या खाली कोणी नसे. दवाखाना रत्नागिरीहून होडीने खाडी ओलांडून पलीकडे, उघड्या कातळावर. औषधांच्या दोन खोल्या आणि मागे माझी एक. स्टाफ म्हणजे तावडे कंपाउंडर आणि मी. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. दुसऱ्या लग्नासाठी सगळे मागे लागले, तेव्हा कोणीच मागत नसलेली ही बदली मी मागून घेतली. नातेवाईक यायचे थांबले. मग कोणीच येईनासं झालं, आणि हे आपण आधी लक्षात घ्यायला हवं होतं असं मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

आमच्या भागात विंचू फार. जांभ्या दगडाच्या चिऱ्याखाली, लाकडांच्या ढिगात, कौलांत. त्यातला लाल, लहानखुरा विंचू वाईट. विंचू चावला की माणूस आधी उतरवणाऱ्याकडे जाई, म्हणजे मंत्र घालून विष उतरवणाऱ्याकडे. तिथे काही उतरलं नाही की माझ्याकडे. म्हणजे माझ्या वाट्याला फक्त बिघडलेल्या केसेस येत.

त्या बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो ठणक्याने गुरासारखा ओरडतो, तो वाचतो. जो गप्प असतो, घामाने निथळतो, ज्याचे हातपाय गार पडतात आणि तोंडाला लाळ सुटते, त्याची भीती. नाडी बोटाखाली तारेसारखी कडक लागे. मग काही तासांनी धाप, तोंडाला फेस, आणि खेळ आटोपला. पुस्तकात विंचवाला अर्धं पान होतं. त्यात चावल्या जागी काय लावायचं ते होतं. माणूस मरतो कशाने ते नव्हतं.

माझा एक तर्क होता, तो सोप्या भाषेत सांगतो. हात हलवायचा तर आपण हलवतो. घाम, लाळ, हृदयाचे ठोके हे मात्र आपल्याला विचारून चालत नाहीत. त्यांना चालवणारे मज्जातंतू वेगळे असतात. विंचवाचं विष नेमकं त्यांना चेतवतं, आणि हृदय पळून पळून थकतं, असं मला वाटे. तसं असेल तर आम्ही चावलेल्या जागेवर जे उपचार करत होतो ते सगळे भलत्याच ठिकाणी चालले होते.

हे कोणाला सांगायचं? तावडे ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, "आसल डाक्तर, आसल." त्यापुढे चर्चा जात नसे.

अशात एक सर्क्युलर आलं. एरवी सर्क्युलरचा उपयोग तावडे पावडरीच्या पुड्या बांधायला करत. पाठकोरा कागद, जाडही असे. हे सर्क्युलर अर्धं फाडून झालं होतं तेव्हा माझी नजर गेली. वैद्यकीय संशोधनासाठी सरकार ग्रँट देणार होतं, म्हणजे काम करायला अनुदान, आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही अर्ज करायला हरकत नव्हती. हरकत नव्हती, एवढंच. बोलावलेलं नव्हतं. पण मला तेवढं पुरलं.

महिनाभर दुपारी दवाखाना आटोपला की मी अर्ज लिहीत बसे. वाक्य जमलं की रिकाम्या बाकांना मोठ्याने वाचून दाखवी. मागण्या तीन होत्या. एक, रक्तदाब मोजायचं यंत्र. दंडाला रबरी पट्टा बांधून हवा भरायची आणि पारा किती चढतो ते बघायचं. दोन, वर्षभर या कामाला मोकळीक. तीन, एक शिकलेला सहायक. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त तो तिसरा हवा होता. जेवताना समोर बसून "नाही हो, तुमचं चुकतंय" असं म्हणणारं कोणीतरी. कारण लिहायच्या रकान्यात मी "नोंदी ठेवण्यासाठी" असं लिहिलं.

नववा रकाना होता: मागील वर्षांतील मृत्यू. तिथे मी माझ्या वहीतून सहा जणांची माहिती उतरवली. गाव, वय, चावल्याची वेळ, नाडी, मृत्यूची वेळ. वही मी नेटाने ठेवली होती. तिच्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

मग त्या सहा चिठ्ठ्या?

आता सोनीची गोष्ट सांगावी लागेल. पहिली चिठ्ठी तिची. सोनी सात वर्षांची. बाप भिकू चिरेखाणीवर चिरे काढायचा. ती त्याची भाकरी घेऊन गेली आणि चिऱ्यांच्या थप्पीवर टेकली. भिकू तिला पाठीवर घेऊन माझ्याकडे आला तेव्हा दुपार टळली होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "मना थंडी वाजता." पुस्तकात होतं ते सगळं मी केलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

विंचू किंवा साप चावून माणूस मेलं की कायद्याने तो अपघाती मृत्यू. मग पोलिस पाटील येणार, पंच बोलावणार, पंचनामा होणार. आणि कोणाला संशय आला, किंवा नुसती हौस आली, तर प्रेत होडीत घालून रत्नागिरीला पोस्टमॉर्टेमला न्यायचं. भिकूने माझे पाय धरले.

"डाक्तरानू, माज्या पोरीला कापू देव नका. ताप लिवा. तुमच्या पाया पडतो."

पाटीलही दारात उभे होते. तेही म्हणाले, "लिवा डाक्तर. पोरगी तर गेलीच हाय." मी लिहिलं. पाटलांनी चिठ्ठी घेतली आणि जन्ममृत्यूच्या बुकात ताप लावला. पुढे असा कोणी गेला की लोक आपण होऊनच ती मागू लागले. तिला नावच पडलं, तापाची चिठ्ठी. मी पाच वेळा आणखी दिली. प्रत्येक वेळी मला वाटलं, आपल्या हातून या माणसांसाठी निदान एवढं तरी झालं. वही माझ्या पेटीत होती आणि चिठ्ठ्या पाटलांच्या दप्तरात. दोन्ही कधी एका टेबलावर येतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. अर्ज लिहितानासुद्धा आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अर्ज रत्नागिरीला कचेरीतल्या कारकुनाकडून टाइप करून घेतला आणि साहेबांच्या सहीने वर गेला. पावसाळ्यामुळे बोटी बंद, टपाल घाटावरून जाणार. मी रोज टपालवाल्याची वाट बघू लागलो. तो मला टाळून मागल्या वाटेने जायला लागला, इतकी.

ग्रँट देणाऱ्या कमिटीने अर्ज वाचला होता, आणि नीट वाचला होता. त्यांनी जिल्ह्याकडे विचारणा केली: विंचवाने मृत्यू किती? जिल्ह्याने बुकं तपासून उत्तर दिलं: निरंक. निरंक म्हणजे काही नाही. मग कमिटीने साहेबांना विचारलं, हे कसं काय? साहेबांनी पाटलांचं दप्तर मागवलं, आणि मला.

साहेब कारवारकडचे. मराठी चांगलं बोलत, चिडले की इंग्रजी. त्या दिवशी शेवटपर्यंत मराठीच बोलले.

"कमिटीला तुमचा अर्ज आवडलाय," ते म्हणाले. "हे बघा, त्यांनी लिहिलंय. कल्पना नवीन आहे. मृत्यूंची खात्री पटली तर ग्रँट द्यायला हरकत नाही. सहायकासकट."

मी तो कागद पुढे ओढला आणि सहायकाची ओळ दोनदा वाचली.

"मी खात्री देतो," ते म्हणाले. "पण मग तुम्ही मला लिहून द्यायचं की या चिठ्ठ्या खोट्या आहेत. त्यानंतर मला गप्प बसता येणार नाही. तुमच्यावर खात्याची चौकशी. पाटलांची पाटीलकी जाईल. आणि पंचनाम्याशिवाय प्रेतं जाळली म्हणून त्या सहा घरांत पोलिस."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर चिठ्ठ्या खऱ्या. मग अर्ज खोटा ठरतो, तो मागे घ्या. माहिती अपुरी म्हणून. मी पुढे काही विचारणार नाही." त्यांनी चिठ्ठ्या एकावर एक रचल्या. "डॉक्टर, ती माणसं विंचवानेच गेली. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या विश्वासाला जावक नंबर पडत नाही."

विचार करायला त्यांनी मला आठ दिवस दिले.

परत येताना होडीत मी एकटाच होतो. त्या सहायकाला मी मनातल्या मनात कुठली खोली द्यायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. खाडी संपेपर्यंत मला रडू आवरलं नाही, आणि होडीवाल्याने बिचाऱ्याने दुसरीकडे बघितलं.

दवाखान्यात आल्यावर तावड्यांना सगळं सांगितलं. सांगायला दुसरं होतं कोण? तावडे या खेपेला "आसल" म्हणाले नाहीत. ते कोणाजवळ तरी बोलले असणार, कारण रविवारी सकाळी भिकू आला. धुतलेला सदरा घालून, जणू मामलेदाराला भेटायला निघालाय.

"डाक्तरानू, येक सांगू काय? माज्या सोनीला ताप नव्हता."

"माहीत आहे मला."

"तिला इचवानं मारलान. तवा मीच तुमच्या पाया पडलो. मंग आता मीच सायबाला सांगतो. कागद करा. मी आंगठा देतो."

"तुला पोलिस त्रास देतील, भिकू."

"काय करतील? पोरगी तर गेली. अजून काय नेतील माजा?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "तावडे सांगीत व्हते, तुमी त्याच्यावर औषद काडनार हाव. माजी धाकटी आता भाकरी घेवन येता खानीवर."

मी त्याला बसवलं, चहा दिला. समजावलं की त्याच्या एकट्याच्या अंगठ्याने भागणार नाही, बाकीची पाच घरं अडकतील, पाटील म्हातारे आहेत. सगळं खरं होतं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमी म्हनाल तसा." आणि खाणीकडे गेला.

सोमवारी मी रत्नागिरीला जाऊन अर्ज मागे घेतला. साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. दोन ओळी.

त्यानंतर मी तापाची चिठ्ठी बंद केली. पुढचा रोगी दगावला तेव्हा चिठ्ठीवर विंचू लिहिलं. प्रेत होडीने रत्नागिरीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी शिवून परत आलं. तेव्हापासून विंचू चावलेलं माणूस माझ्या दवाखान्याची पायरी चढेनासं झालं. लोक उतरवणाऱ्याकडेच राहू लागले, जगले मेले तिथेच. माझी वही अर्ध्यावर थांबली. जिल्ह्याचा आकडा पुन्हा जवळजवळ निरंक झाला. दोन वर्षांनी माझी बदली झाली. रक्तदाबाचं यंत्र पुढे मी स्वतःसाठी घेतलं, पेन्शनीत गेल्यावर.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो: दयेपोटी लिहिलेला कागदही सरकार जपून ठेवतं.

पण माझ्यापुरती गोष्ट तेवढ्यावर मिटत नाही. पाच घरांसाठी आणि म्हाताऱ्या पाटलांसाठी मी माघार घेतली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या पाच घरांना मी विचारायला गेलो नव्हतो. पाटलांनाही नाही. मला चौकशीची भीती वाटली, नोकरीची भीती वाटली. त्या रविवारी माझ्या बाजूने उभं राहायला सगळ्या तालुक्यातून एक माणूस आला होता, आणि मी त्याला चहा पाजून घालवला. अंगठ्याचा शाईचा पॅड माझ्याच टेबलावर होता.