जिओटॅग केलेली दीर्घिका

आमच्या कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी माझा एक मोठा फोटो लावलेला आहे. तो दिसला की आजही माझं डोकं फिरतं, म्हणून मी मागच्या फाटकानं आत जाते.

नाशिकमधल्या या साध्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि उरल्या वेळात अतिदूरच्या, प्रचंड तेजस्वी दीर्घिकांचा अभ्यास करते. त्यांच्या केंद्रातलं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळत असतं आणि तो वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते किरण आपल्या वातावरणात अडतात, त्यामुळे दुर्बीण अवकाशातच लागते. तिचा वेळ मागायला जगभरातून अर्ज जातात. माझा तीनदा नाकारला गेला, चौथ्यांदा मंजूर झाला. त्या दिवशी मी पंचवटीच्या भाजीबाजारात हातात मेथीची जुडी धरून रडले होते.

माझ्या दीर्घिकेकडे दुर्बीण जवळजवळ दिवसभर रोखलेली होती आणि हाती आले तेवीस ठिपके, एकेक ठिपका म्हणजे क्ष-किरणांचा एकेक कण. तेवीस! पण बारा अब्ज वर्षं चालून आलेले होते ते. नियम असा, की वर्षभर ती माहिती फक्त अर्जदाराकडे राहते, मग सगळ्यांना खुली होते. म्हणजे जे काही लिहायचं ते त्या वर्षात.

आणि त्याच वर्षी कॉलेजचं मूल्यांकन आलं, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवायला बाहेरून समिती येणार होती. प्राचार्यांनी सगळ्या फाइली माझ्या गळ्यात मारल्या. मी म्हटलं, "सर, मला हे वर्ष संशोधनाला हवंय."

"मॅडम, बारा अब्ज वर्षं थांबलीय ना ती? मग समिती येऊन जाईपर्यंत थांबेल की. कुठं पळून जातेय?"

स्टाफरूम खो खो हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

मग रविवार गेले, दिवाळीची सुट्टी गेली. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो हवा आणि त्यावर जागा नि वेळ छापलेली हवी, म्हणजे जिओटॅग. फोटो नीट आला नाही की कार्यक्रम पुन्हा. एक रोप तर आम्ही एकाच खड्ड्यात तीनदा लावलं.

शेवटी संशोधनाची फाइल आली. प्राचार्य म्हणाले, "तुमचा उपकरणासोबत जिओटॅग फोटो लागेल."

"सर, उपकरण अवकाशात आहे."

"मग कॉम्प्युटरसमोर बसा."

मी माझे ठिपके पडद्यावर आणले. त्यांनी वाकून पाहिलं. "ही काय, धूळ बसलीय का? काहीतरी रंगीत लावा हो."

आणि मी लावलं! इंटरनेटवरून भलत्याच, जवळच्या एका दीर्घिकेचं निळं-जांभळं चित्र उतरवलं, केस नीट केले आणि हसून बसले. कुणी धमकावलं नव्हतं. मला फक्त ते एकदाचं उरकून माझ्या ठिपक्यांकडे परत जायचं होतं.

समिती खूश झाली. पुढच्याच आठवड्यात माझं वर्ष संपलं, काम अर्धवट. काही महिन्यांत एका परदेशी गटाचा शोधनिबंध आला. काम इतकं चोख होतं की शिव्या द्यायलाही जागा नव्हती. दुसऱ्या आकृतीत माझे ठिपके होते. मी ते बोट ठेवून मोजले. तेवीस.

प्राचार्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "अरे वा! म्हणजे आपल्या कॉलेजची माहिती जगाच्या कामी आली. प्रिंट द्या, फाइलला लावू."

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा बशीत हिंदकळला.

"सर, ती पळून गेली," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला होता. "तुम्ही म्हणाला होतात, कुठं पळून जातेय."

त्यांनी बेल वाजवून शिपाईमामांना फडकं आणायला सांगितलं.

टेबल पुसून मामा माझ्या मागोमाग बाहेर आले. माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "मॅडम, दारातला तुमचा फोटो लय भारी हाय. ती निळी तुमीच शोधली ना?"

मी हो म्हटलं.