गायधनींची अर्धी राहिलेली ओव्हर

गायधनींच्या हातात गोल वस्तू आली की ती फिरायलाच लागायची. कुवेतच्या मंगफ भागात आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ते लिंबं घ्यायचे तेव्हा प्रत्येक लिंबू बोटांतून एकदा वळवून मगच पिशवीत टाकायचे. दुकानदाराला वाटायचं, हा माणूस लिंबं पारखतोय. गायधनीवहिनी म्हणायच्या, “घरात बटाटासुद्धा सरळ येत नाही.”

माणूस नाशिकचा, रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसणारा. तिथे अलार्म वाजायला लागले की आम्हा तरुण इंजिनिअरांची पळापळ व्हायची आणि गायधनी चष्मा वर सरकवून म्हणायचे, “घाई कोणाला आहे?” मग एकेक अलार्म शांतपणे निस्तरायचे. मला कुवेतमध्ये पहिल्या वर्षी त्यांचा फार आधार वाटला.

शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत वाळूच्या मैदानावर मॅटिंग अंथरून आम्ही क्रिकेट खेळायचो. गायधनी डावखुरे स्पिनर, मी विकेटकीपर. नेटमध्ये त्यांचा चेंडू असा वळायचा की मागे उभं राहून मीच खूश व्हायचो. पण मॅच अटीतटीची झाली की या माणसाचं काय व्हायचं कोण जाणे. पॅनलवरचा तोच शांत हात चेंडू सोडायलाच तयार नसायचा. वाइडमागून वाइड. एकदा फायनल त्यांच्या वाइड्सवर गेली. परतताना गाडीत ते म्हणाले, “हात माझा राहतच नाही रे त्या वेळी.” त्यानंतर शेवटच्या ओव्हरला ते आपण होऊन लांब बाउंड्रीवर जाऊन उभे राहायचे.

मग त्यांची निवृत्ती आली. सामान कार्गोने गेलं, घर रिकामं झालं. शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे चहाला आले आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “उद्या मॅच अडली तर शेवटची ओव्हर मला दे. कुवेत सोडायच्या आधी एकदा तरी नीट टाकायचीये.” कॅप्टन मी होतो. नाही कसं म्हणणार?

मॅच अडलीच. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना सात धावा हव्या होत्या. मी चेंडू त्यांच्या हातात दिला. पहिला चेंडू अप्रतिम, बॅटला चकवून सरळ माझ्या ग्लोव्ह्जमध्ये. दुसरा लेगला इतका बाहेर गेला की मी आडवा पडून अडवला. अंपायर होते समोरच्याच टीमचे उस्मानभाई, गायधनींचे जुने दोस्त. त्यांनी हात खिशातच ठेवले आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते बघत राहिले. त्यांच्या बॅट्समननेही वाइड मागितला नाही. गायधनी कुवेत सोडून चाललेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गायधनी रनअपच्या खुणेकडे गेलेच नाहीत. क्रीजवर उभं राहून त्यांनी स्वतःचेच दोन्ही हात आडवे पसरले.

“उस्मानभाई, वाइड है. दे दो.”

उस्मानभाईंना द्यावाच लागला. पुढचाही वाइड. त्याच्या पुढचा वाइड माझ्या आवाक्याबाहेरून थेट बाउंड्रीपार गेला आणि मॅच संपली. बॅट्समनने बॅट काखेत मारली, पण गायधनींचा चेहरा बघून तो पुन्हा गार्ड घेऊन उभा राहिला. उस्मानभाईंनी चेंडू मागवून गायधनींपुढे धरला. “ओव्हर पूरी कर लो भाई, हम सब खडे हैं.”

मला मनापासून वाटलं, टाकावी. आता ती सुरेख पडली असती, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

त्यांनी चेंडू घेतला, सवयीने एकदा बोटांतून फिरवला आणि उस्मानभाईंच्या हातात परत ठेवला. “अब नहीं. अब तो कोई भी डाल देगा.”

माझ्याजवळून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबले. “मागितली होती ती ओव्हर तू दिलीस रे,” म्हणाले. “ती तेवढीच होती.”