न थुंकणारं गिऱ्हाईक

सिंगापूरच्या कॉफी प्रदर्शनात फुकटचे घोट घेत हिंडताना मला ती दिसली. मेक्सिकोच्या डोंगरातली, मिश्तेक या आदिवासी जमातीची शेतकरीण, गावाची अख्खी कॉफी विकायला आलेली. एका बड्या खरेदीदाराने तिची कॉफी सुर्रकन ओढली, घोळवली आणि रीतसर भांड्यात थुंकली. तिने कपच काढून घेतला.

"आंटी, चाखायची पद्धतच अशी लाह," तो सिंगापुरी ढंगात शेवटी 'लाह' जोडत म्हणाला.

तिच्यासोबतच्या दुभाष्याने चाचरत तिचं उत्तर सांगितलं, "आमच्या अंगणात असं थुंकणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. कॉफी कशी देऊ?"

सौदा फिसकटला, असंच मला वाटलं. पण खरेदीदाराने कप परत मागितला, न थुंकता पिऊन रिकामा केला आणि सगळी पोती मागितली.

तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

दुभाषा म्हणाला, "मुलगा बरा वाटतो म्हणतात. गावात विचारून कळवतील."