पाव इंचाचा सांधा

नाशकाच्या तांबट आळीत दिवस हातोडीच्या ठोक्याने उजाडे. पहिला ठोका गोटीरामच्या घरचा. त्याचा मुलगा रावजी अंथरुणातूनच म्हणे, "आज दादांनी घागर धरली," आणि पत्रा जाड आहे की पातळ, तेही नादावरून ओळखे. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. माशाच्या पिलाला पोहणे कोण शिकवतो?

असा हा रावजी १९३४ साली कॉलेजात गेला. आळीतला पहिलाच. गोटीरामने एकच अट घातली होती.

"एक वर्ष बुडालं की हातोडी उचलायची. पुन्हा इचारायचं नाय."

रावजी हो म्हणाला. वाकड्या रेषेचेही गणित असते असे त्याने कुठेतरी वाचले होते, आणि त्याचे सारे बालपण वाकड्या रेषांत गेले होते. घागरीचा गळा, तपेल्याची कड, पिंपाचे पोट. त्यांच्या पोटात दडलेले गणित त्याला शिकायचे होते.

ते शिकवायला होते प्रोफेसर आगाशे. डोक्याला जरीचा रुमाल, अंगात परीटघडीचा कोट, आणि खडूची धूळ पुसायला खिशात निराळा रुमाल. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना छापील कागद वाटला. त्यावर अकरा नियम. पानाच्या डावीकडे दीड इंच समास सोडावा. समासात काही लिहिल्यास पाच मार्क कापले जातील. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर. खाडाखोडीला दोन मार्क कमी. उत्तराखाली दोन रेघा, पट्टीने. हे गणित कशासाठी जन्माला आले, त्याने काय कळते, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हते. देवळाच्या पायरीशी उभे राहून माणसाने फक्त जोडे कुठे काढायचे ते सांगावे, आणि गाभाऱ्याला कुलूप लावून किल्ली खिशात घालावी, तसला प्रकार.

वर्गात साहेब फळ्यावर लिहीत, मुले उतरवून घेत. कोणी विचारलेच, "सर, ही पायरी कशी आली?" तर पंगतीत कोणी तिसऱ्यांदा तूप मागावे तसे साहेब त्याच्याकडे बघत. "आली ती लिहून घ्या," म्हणत. जी मुले मुकाट लिहून घेत त्यांना साठ मार्क पडत. मग ती साठवाली जिना उतरताना अशी छाती काढत, की घाटावरच्या कबुतरांनी लाजावे.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला. ठरावीक मापाच्या पत्र्यातून, वर उघडे, उभ्या भिंतीचे गोल भांडे करायचे आहे. त्यात सर्वांत जास्त पाणी मावावे, तर उंची किती ठेवावी? वीस मार्क.

रावजीला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. पत्रा म्हटल्यावर त्याचा हात आपोआप चालू लागला. भिंतीची दोन टोके एकमेकांवर चढवून डाख देऊन सांधायला पाव इंच. तळ बसवायला पाव इंच. वरचा काठ वळवायला अर्धा इंच. आळीतला आंधळाही एवढे सोडतो. रावजीने ते सोडले आणि मग गणित मांडले. सोपे होते ते अवघड झाले, दोन पाने भरली, पण एक पायरी चुकली नाही. उंची आली ती तोंडाच्या रुंदीच्या निम्म्याहून बोटभर जास्त. त्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या. पट्टीने.

पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर एकतीस मार्क होते, आणि त्या प्रश्नापुढे तांबड्या शाईचा भोपळा. पस्तीसच्या आत पडणाऱ्याची टर्म मंजूर होत नसे. टर्म गेली की वर्ष गेले, आणि वर्ष गेले की हातोडी.

रावजी साहेबांच्या खोलीत गेला.

"तांबट, उंची निम्म्या रुंदीइतकी," साहेब म्हणाले. "पुस्तकात आहे, फळ्यावरही होती."

"सर, पण सांध्याला जागा सोडायला हवी."

"प्रश्नात सांधा आहे का?"

"प्रश्नात पत्रा आहे, सर."

"पुस्तकातल्या पत्र्याला सांधा लागत नाही. तुमच्या आळीतल्या लागत असेल."

"माझी पायरी कुठली चुकली?"

"पायऱ्या मी पाहिल्या नाहीत. वर घरच नसेल तर जिना कशाला चढू?"

स्वतःच्या या बोलण्यावर साहेब खूश झाले आणि त्या खुशीत त्यांना दया आली. "इथे बसा. पुन्हा सोडवा, पुस्तकातल्याप्रमाणे. आठ मार्क देईन. नियम मात्र तेच."

एकतीस आणि आठ एकोणचाळीस. वर्ष वाचत होते. रावजी बसला. कोऱ्या कागदावर त्याने पट्टीने दीड इंच समास आखला, आणि आखता आखता त्याचा हात थांबला. हा समास कशाला? तर पेपर दोऱ्याने शिवताना अक्षर शिवणीत जाऊ नये म्हणून. म्हणजे साहेबांना कागदाचा सांधा ठाऊक होता. त्याला दीड इंच सोडला नाही तर मार्क जात, आणि पत्र्याला पाव इंच सोडला म्हणून भोपळा.

पुस्तकी गणित चार ओळींत सुटले. रावजीने उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग समासात, सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिले: 'सांध्याला जागा सोडलेली नाही. हे भांडे गळेल.'

त्याला वजाबाकी येत होती. आठातून पाच गेले, राहिले तीन. चौतीस.

साहेबांनी वाचले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खोडा ते."

"खाडाखोडीला दोन मार्क जातात, सर."

साहेबांनी तांबड्या शाईने चौतीस लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

घरी गोटीराम तपेल्याला शेवटचा हात देत होता. रावजीने सगळे सांगितले. गोटीरामने हातोडी थांबवली नाही.

"पहिल्यांदा तू काय लिवलं व्हतं?"

"तोंडाच्या निम्मं, वर बोटभर."

गोटीरामने पुढ्यातल्या तपेल्याला वीत लावली, तोंडाला आणि मग उंचीला. "हे माझ्या आज्यालाबी ठावं व्हतं. याला दोन पानं लागली?"

"हो."

"आन तुझ्या साहेबाला इतकी वर्सं शिकवूनबी येत नाय?"

 रावजी कोट खुंटीला अडकवून ऐरणीशी बसला.

चार वर्षांनी आगाशे साहेबांचा गडी, वाळू, आळीत आला. साहेबांकडे पाण्याचे मोठे तपेले हवे होते. आता रावजीच्या हातच्या तपेल्यांचे नाव झाले होते.

"उंची किती ठेवू?" रावजीने विचारले.

"ते नाय सांगितलं. गळाया नको, एवढंच म्हणले साहेब."

"विचारून ये. पुस्तकातलं हवं की आळीतलं?"

वाळू निरोप घेऊन गेला. तो परत येईपर्यंत रावजीने पत्रा अंथरला, आणि कडेपासून पाव इंच सोडून खूण केली.