हौदात शीत टाकायचं नाही

माझ्या घरमालक आबांइतका संतापी माणूस अख्ख्या लोणावळ्यात झाला नाही. घाट चढून आलेलं इंजिनसुद्धा त्यांच्यापुढे मवाळ वाटे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात हौद बांधला आणि गावाकडून, तिकोणा पेठेहून, घागरीतून माशांची पिल्लं आणली. हौदाचं पाणी हातपंपानं वर खडीच्या चरात चढायचं आणि तिथल्या अळूच्या मुळांतून गाळून परत हौदात उतरायचं. माशांची घाण अळूला, निवळ पाणी माशांना. या कारभाराला शत्रू एकच, दयाळू शेजारी. पेंड-कोंड्याची एक मूठ टाकून आबा विडी पेटवत. विडी संपेतो पाण्यावर काही उरलं, तर उद्याची मूठ लहान. "कमी घातलं तर माशाचं नुसतं डोस्कं वाढतं, जादा घातलं तर पानी नासतं!" हेही ओरडूनच.

शाळा अर्ध्यात सोडून मी पार चांद्याहून इकडे आलेला. त्यांची प्रत्येक आरोळी म्हणजे मला खोली सोडायचा हुकूमच वाटायचा. माझ्या ताटापुढे मात्र त्यांचं माप हरवायचं. "खा की! मासा हायेस व्हय तू?" असं दरडावून आणखी एक भाकर वाढायचे. परमुलखात इतक्या रागानं मला दुसऱ्या कुणी जेवू घातलं नाही.

एका सर्वपित्रीला कहर झाला. पावसाची रिपरिप, कौलांवरच्या पानांना कावळा शिवेना. मग पान पाण्यात सोडायचं, आणि जवळचं पाणी म्हणजे आबांचा हौद! अख्ख्या आळीच्या पितरांचा भात, वडे, खीर त्यात गेली. सकाळी मासे तोंडं वर काढून तडफडत होते.

"तुमचा आजा भुका, म्हून माझं मासं मारता व्हय?" आबा दारोदार गरजले.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आबा, आवडीनं खाल्लं की वो त्यांनी!"

"खानारच! त्यास्नी काय कळतंय? तुमास्नी तरी कुटं कळतंय!"

दिवसभर आम्ही आळीपाळीनं पंप हाणला. हाणतानाही त्यांच्या शिव्या चालूच. निम्मे वाचले. मेलेले अळूच्या मुळाशी पुरताना मात्र त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लय जपलं व्हतं रं."

पुढे काही वर्षांनी आबा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्यांचा मुलगा म्हणाला, "आईला बघीन." म्हणाला, "शेत इकणार न्हाई." कावळा ढिम्म. शेवटी मी चाचरत, त्यांच्याच बोलीत म्हणालो, "आबा, हौदात कुनाला शीत टाकू द्येत न्हाई."

कावळा झपकन उतरला.

घरी येऊन मी पेंडीची एक मूठ टाकली आणि ती संपेतो उभा राहिलो. आळी इतकी गप्प होती, की माशांच्या तोंडांचा आवाज ऐकू येत होता.